टीव्ही ‘लागण्या’आधीचं काय? विल्यम्सच्या ‘फ्लो’बद्दल एक तक्रार

माध्यमांवर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच कुणीतरी रेमंड विल्यम्स यांचं ‘टेलिव्हिजन: टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ हातात ठेवतं. पुस्तक १९७४ चं, छोटंसं. त्यातली ‘फ्लो’ म्हणजे प्रवाहाची कल्पना आपण सगळेच सिनॉप्सिसमध्ये वापरतो. मीही वापरली. आज तिच्याबद्दल थोडी तक्रार करायची आहे.

आधी कल्पना समजून घेऊ. विल्यम्स मायामीत एका रात्री टीव्हीवर सिनेमा बघत होते. मध्येच जाहिराती, मध्येच पुढच्या सिनेमांची झलक, आणि हे सगळं एकमेकांत मिसळलेलं. त्यावरून त्यांनी म्हटलं की टीव्ही म्हणजे सुटे सुटे कार्यक्रम नव्हेत, तो आखून दिलेला प्रवाह आहे. पटतं ना? आपणही ‘टीव्ही बघतोय’ असंच म्हणतो, कुठला कार्यक्रम ते नंतर.

आता माझी गोष्ट. आजीच्या घरी केबलवाल्याने नवा सेट-टॉप बॉक्स आणून ठेवला होता आणि ‘संध्याकाळी येऊन जोडतो’ म्हणाला होता. ती संध्याकाळ तीन दिवस आली नाही. शेवटी मीच बसले. केबलची गोल वायर बॉक्सच्या मागे फिरवून घट्ट केली, एचडीएमआयची वायर टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत घातली. पडद्यावर ‘नो सिग्नल’. टीव्ही पहिल्या खाचेकडे बघत बसला होता! टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून ‘एचडीएमआय २’ निवडलं, तेव्हा चित्र आलं. ते एका बातम्यांच्या चॅनलचं होतं. ते ना मी मागितलं होतं, ना आजीने.

आजीने तिचा पाठ असलेला तीन आकडी नंबर दाबला. तिथे भलत्याच भाषेतली गाणी. “अगं, माझं चॅनल बंद केलं का गं त्यांनी?” मी गाईडचं बटण दाबून मराठीची यादी काढली. चॅनल सापडलं, पण वर पट्टी: हे तुमच्या पॅकमध्ये नाही. मग केबलवाल्याला फोन, बॉक्सखालचा नंबर वाचून दाखवणं आणि वाट बघणं. प्रवाह सुरू व्हायला पाऊण तास गेला.

या पाऊण तासात नेमकं काय घडलं, ते बघा. जुन्या केबलमध्ये चॅनल शोधायचं काम टीव्हीचंच होतं. ऑटो सर्च लावायचा, सापडलेली चॅनल हव्या त्या क्रमाने साठवायची. आता शोधणारा ट्यूनर बॉक्समध्ये आहे आणि टीव्ही उरला फक्त पडदा. चॅनलचा नंबर केबल कंपनी ठरवते. सिग्नल कुलूपबंद येतो आणि तुमच्या बॉक्सला परवानगी मिळाली तरच उघडतो. पॅकचं राहू द्या, बॉक्स सुरू होताच कुठलं चॅनल दिसेल हेही कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं.

आपल्याकडे हे कायद्याने आलं. मुंबईत जुनं ॲनालॉग केबल बंद करायची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. ट्रायच्या २०१७ च्या नियमांनी सांगितलं की एका प्रकारची चॅनल यादीत एकत्र हवीत, आणि त्यांतही एका भाषेची सलग. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत आली: सुरुवातीला १०० चॅनलसाठी कर सोडून जास्तीत जास्त १३० रुपये, आणि पैशाच्या चॅनलची किंमत वेगळी. ‘तुमचं चॅनल तुम्ही निवडा’ असा एकूण सूर. कागदावर बरोबर. पण आजीने निवडलं नव्हतं; केबलवाल्याने एक पॅक टाकून दिला होता.

आता विल्यम्सकडे परत. ‘ते १९७४ मध्ये लिहीत होते, त्यांना बॉक्स कुठून माहीत असणार?’ ही टीका फुकटची आहे, ती करू नका. शिवाय ती अन्यायाचीही आहे, कारण पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात केबलची चर्चा आहे; ती कुणाच्या ताब्यात जाईल याची काळजीही आहे. माझी तक्रार वेगळी आहे. फ्लोच्या विवेचनात ते पाच वाहिन्यांचं आठवडाभराचं वेळापत्रक मोजतात, पण त्या पाच वाहिन्या घरात पोचलेल्याच आहेत असं धरून. म्हणजे केबलच्या प्रकरणातला मालकीचा प्रश्न फ्लोच्या प्रकरणात शिरतच नाही. जॉन एलिस यांनी १९८२ मध्ये ‘विझिबल फिक्शन्स’मध्ये प्रवाहाऐवजी तुकड्यांवर भर दिला. तो वादही चित्र दिसू लागल्यानंतरचाच. दाराशी काय होतं, हे दोघांच्याही चौकटीबाहेर राहतं.

मग फ्लो टाकून द्यायचा का? मुळीच नाही. विल्यम्सचा मुद्दाच असा होता की क्रम आपोआप पडत नाही, कुणीतरी आखतं. मी तोच मुद्दा एक पायरी मागे नेतेय: नंबर, पॅक आणि पहिलं दिसणारं चॅनल हीसुद्धा आखणीच आहे. एखादी जुनी कल्पना तपासताना ‘ती चूक आहे का’ याच्या आधी ‘ती कुठून मोजायला सुरुवात करते’ हे विचारा.

याची किंमत मला मोजावी लागली. माझ्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, ‘आपण कोणत्या वाहिन्या निवडता?’ त्यावर भरून आलेले चाळीस फॉर्म आता जसेच्या तसे वापरता येणार नाहीत. लोकांनी ‘निवडलेलं’ म्हणून जे लिहिलं, त्यातलं किती केबलवाल्याने निवडलेलं होतं, हे त्यातून कळतच नाही. गाईड मॅडम म्हणाल्या, “पुन्हा जा.”

जातेय. नवा प्रश्न असा आहे: टीव्ही लावल्यावर आधी काय दिसतं, तिथून तुमच्या चॅनलपर्यंत कसे पोचता, आणि अडलं तर कुणाला हाक मारता? पहिलं उत्तर आजीचं आहे. तिने नवा नंबर कागदावर लिहून रिमोटच्या पाठीला चिकटपट्टीने लावलाय. त्याच्या खाली केबलवाल्याचा फोन नंबर.