न झालेली जखम

अरुणा शानबाग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 7 मार्च 2011 चा निकाल इच्छामरणाचा निकाल म्हणून गाजला. शुश्रूषेचं मर्म ज्याला जाणून घ्यायचं आहे, त्यानेही तो वाचावा. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही रुग्णाच्या अंगावर एकही बेडसोर, म्हणजे दाबाने होणारी जखम, नाही, अशी एक साधी नोंद त्यात आहे. दयामरणाच्या वादात ती सहज नजरेआड होते.

शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने केलेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. 18 मे 2015 ला निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं.

शुश्रूषेचं हे मर्म तीन जागी दिसतं. पहिली जागा बेडसोरच्या त्या नोंदीची; ती नीट वाचूया. माणूस हलला नाही की माकडहाड, टाच, खुबा अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि काही तासांत तिथली जागा लाल होते. तिकडे दुर्लक्ष झालं, तर जखम हाडापर्यंत उतरते. हे टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, अंग कोरडं ठेवायचं आणि प्रत्येक वेळी पाठ उघडून बघायची. या शिरस्त्याने दिवसाला 12 वेळा कूस बदलली, तर निकालापर्यंतच्या 37 वर्षांचा हिशेब दीड लाखाच्या पुढे जातो. एवढ्या कामाचं फळ निकालात ‘नाही’ या एका शब्दात मावतं. गाण्यातला सूर ऐकू येतो, चित्र डोळ्यांना दिसतं. ही कला मात्र न घडलेल्या गोष्टीत ओळखावी लागते.

दुसरी जागा भरवण्याची. 2010 मध्ये मलेरियाने खाणं मंदावेपर्यंत त्यांना मऊ केलेलं अन्न तोंडानेच दिलं जाई. मेंदूला इजा झालेल्या माणसाला भरवताना घास श्वासनलिकेत जाण्याची धास्ती असते. बसतं करायचं, छोटा घास द्यायचा, तो गिळला की नाही ते पाहायचं आणि मगच पुढचा द्यायचा. घाई चालत नाही. त्यांना मासे आवडत, हेही न्यायालयापुढच्या कागदांत आलं आहे. बोलू न शकणाऱ्या माणसाची आवडनिवड कळायला भरवणाऱ्याला चेहरा वाचता यावा लागतो.

तिसरी जागा ड्यूटी बदलण्याची. 1974 साली विशीत नोकरीला लागलेली सिस्टर 2011 पर्यंत निवृत्त झाली असेल. म्हणजे एका पिढीने दुसरीच्या हाती हा रुग्ण सोपवला आणि सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्यांमध्ये धागा तुटू दिला नाही. शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, त्यामागे हेच सातत्य आहे.

या सेवेला ‘माया’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माया होतीच. पण नुसत्या मायेने बेडसोर टळत नाही. त्याला शिक्षण, शिस्त आणि वॉर्डात पुरेशी माणसं लागतात. परिचारिकेला देवी म्हणून हार घालायचा आणि रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर सोडायचा, हा आपला जुना दुटप्पीपणा आहे.

नाशिकच्या सातपूरसारख्या कामगारवस्तीत हे वाचन घरापर्यंत पोचायला हवं. इथे कामगार विमा रुग्णालय आहे, एमआयडीसी आहे, आणि पक्षाघात झालेल्या वडिलांना घरी ठेवून रात्रपाळीला जाणारी मुलंही आहेत. डिस्चार्जचा कागद हातात पडला की आपण औषधांच्या वेळा तेवढ्या विचारतो. त्याच वेळी सिस्टरना आणखी एक विनंती करा: कूस कशी बदलायची, टाचा कशा तपासायच्या, हे एकदा करून दाखवा. लाल झालेली जागा चोळायची नाही, तिथला दाब काढायचा, हे घरच्या प्रत्येकाने समजून घ्यावं. रुग्णाला घरी नेण्याआधी एवढं शिकूनच निघा.