श्लेष्माचे अनुकरण आणि विषाणूंचा प्रतिबंध

विषाणू पेशीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याला चिकट थरात अडकवावे, ही युक्ती मूळची माणसाची नव्हे. नाकातील शेंबूड, ज्याला ग्रंथांत श्लेष्म म्हणण्याचा शिष्टाचार आहे, हेच कार्य अखंड करीत असतो. त्याच्या लांब रेणूंवर शर्करांच्या शाखा असतात व त्यांच्या टोकांशी ऋणभारित सिआलिक आम्ल असते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीवर जे शोधीत असतो, तेच त्याला येथे वाटेत भेटते. या तत्त्वावर बेतलेल्या जेलांना ‘जैवप्रेरित’ हे विशेषण अलीकडे सढळपणे लावले जाते. ते कितपत सार्थ आहे?

पूर्वानुभव फारसा उत्साहवर्धक नाही. लाल समुद्रशैवलातील कॅरागीनान आणि सेल्युलोज सल्फेट ही दोन्ही ऋणभारित द्रव्ये काचपात्रात एचआयव्हीला थोपवीत. परंतु सेल्युलोज सल्फेटची चाचणी, जिच्यात भारतातील केंद्रेही होती, जानेवारी २००७ मध्ये थांबवावी लागली. जेल वापरणाऱ्या स्त्रियांतच संसर्ग अधिक असल्याची चिन्हे दिसली होती. कॅरागीनानची दक्षिण आफ्रिकेतील ६,२०२ स्त्रियांवरील चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. द्रव्य निरुपद्रवी ठरले, उपयुक्त ठरले नाही. ते प्रत्यक्षात वापरले गेले अंदाजे ४२ टक्के प्रसंगीच; रसायनज्ञांच्या टिपणांत सहसा न आढळणारा हाच आकडा सर्वांत बोलका आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या, टेनोफोविर जेलच्या २०० स्त्रियांवरील चाचणीत सुरक्षिततेबरोबर वापराची नियमितताही तपासली गेली, हे म्हणूनच महत्त्वाचे.

पुढे २०२१ मध्ये अर्जेंटिनातील ३९४ रुग्णालयीन सेवकांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. कॅरागीनानचा फवारा नाकात घेणाऱ्यांपैकी १ टक्का, तर इतरांपैकी ५ टक्के कोव्हिडबाधित झाले. निष्कर्ष आशादायक खरा. पण दोन्ही गटांतील बाधित मिळून अवघे १२, आणि फवारा दिवसातून चार वेळा घ्यावयाचा.

हा हिशेब कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशास लावून पाहावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना लोकलची दारे उघडली, आणि श्वासाला श्वास भिडविणारी गर्दी परतू लागली. नाकातील श्लेष्माचा थर साधारणतः दहा ते वीस मिनिटांत घशाकडे वाहून नेला जातो. डोंबिवलीस फवारलेले पातळ द्रव्य, धिमी गाडी ठाण्यास पोहोचेतो बव्हंशी गिळले गेलेले असणार. द्रव्य दाट करून जागीच धरून ठेवावे, तर तो प्रवाहच मंदावण्याचा धोका.

अनुकरणातील उणीव नेमकी येथे आहे. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूपाशी सिआलिक आम्लाचा बंध तोडणारे विकर असते. अडकलेला विषाणू सुटू शकतो. श्लेष्माचे बळ केवळ पकडीत नाही. पकड सुटण्यापूर्वी सगळा थरच टाकून देऊन नवा घालण्यात ते आहे. जेलकारांनी पकड उचलली, वाहणे मागे राहिले. काचपात्रात ही उणीव दिसत नाही, कारण तेथे काहीच वाहत नसते. म्हणून एखाद्या प्रबंधात जेलाने किती टक्के विषाणू अडविला हे वाचताना, तो थर वाहता होता की स्थिर, आणि अडलेला विषाणू अखेर कोठे गेला, हे परीक्षकाने आधी विचारावे.