घराचा आकडा: अनुमान की प्रत्यक्ष?

आज सुरुवात एका घरापासून करू. शिवाजी पेठेतलं, आमच्या परिचयातलं. वडील गेले. मागे दोन भाऊ आणि पुण्याला दिलेली एक बहीण. वाटणीच्या बैठकीला वडीलधारे म्हणून आम्हांला बोलावलं होतं. धाकट्यानं मोबाईल काढला, पेठेचं नाव आणि चौरस फूट भरले आणि आकडा वाचून दाखवला. बहीण म्हणाली, "त्यात आलंय म्हणजे बरोबरच असणार." लगेच त्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर हक्कसोडपत्राचा मसुदा ठरू लागला. आम्ही एवढंच विचारलं, "हा आकडा आला कुठून?" कुणालाच सांगता येईना. आज त्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणं आहेत. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथं अग्नी आहे असं ठरवलं ते अनुमान. संगणकानं काढलेली घराची किंमत हे अनुमान आहे. शेजारची घरं अमुक भावानं गेली, हे घर त्यांच्यासारखं आहे, म्हणून याचीही किंमत तेवढी. यात गैर काहीच नाही. गैर आहे ते अनुमानाला प्रत्यक्षाचे कपडे घालणं. पडद्यावर शेवटच्या हजारापर्यंत आकडा आला की आपल्याला वाटतं, कुणीतरी टेप लावून मोजलंय.

आता हे अनुमान उभं कशावर आहे ते पाहू. यंत्राला माहिती मिळते ती मुख्यतः दोन ठिकाणांहून. पहिलं म्हणजे विक्रीच्या जाहिराती. तिथं मालकानं मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. दुसरं म्हणजे नोंदलेले दस्त आणि सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला आपण रेडीरेकनर म्हणतो. हा तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी केलेला आहे. बाजार रोज हलतो, तक्ता आदेशानं हलतो. २०२३ आणि २०२४ मध्ये हे दर बदललेच नाहीत, १ एप्रिल २०२५ ला वाढले.

दस्तात किती रक्कम लिहिली जाते, हे या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे. शुल्क तक्त्यापेक्षा कमी किमतीवर भरता येत नाही. सरकारी मूल्य दाखवलेल्या विक्री किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असलं, तर आयकरही सरकारी मूल्य धरूनच लागतो. म्हणून कित्येक दस्तांतली रक्कम तक्त्याच्या आसपास घुटमळते आणि उरलेला व्यवहार कागदाबाहेर होतो. मग तक्ता दस्तांकडे बघून ठरतो, दस्त तक्त्याकडे बघून लिहिले जातात आणि यंत्र दोघांकडे बघून शिकतं. नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. आपण कागदावर जे खोटं लिहिलं, तेच यंत्र आपल्याला खरं म्हणून परत देतं. यात दोष यंत्राचा किती आणि आपला किती, याचा विचार आपणच करावा.

दुसरा दोष उपाधीचा. धूर असेल तिथं अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथं धूर असतोच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. सरपण ओलं असलं तरच धूर. ही जी लपलेली अट, ती उपाधी. कोल्हापुरात ती शोधायला लांब जावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शाहूपुरीत, नागाळा पार्कात एका घरात माणसं माळ्यावर जाऊन बसली आणि थोड्या चढावरचं दुसरं घर कोरडं राहिलं. भाग एक, चौरस फूट तेवढेच. गिऱ्हाईक मात्र पहिला प्रश्न विचारतं, "पाणी कुठवर आलं होतं?" सरासरीला हा प्रश्न सुचत नाही.

अमेरिकेत तर विक्रीच्या नोंदी आपल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ. तिथं झिलो ही कंपनी २००६ पासून घरांचे असे अंदाज देते. विक्रीला काढलेल्या घरांबाबत तिची मध्यक चूक सुमारे २ टक्के, न काढलेल्यांबाबत सुमारे ७ टक्के. मध्यक म्हणजे निम्म्या घरांबाबत चूक याहून जास्त. आणि विक्रीला काढलेल्या घराचा अंदाज अचूक का? कारण मालकानं मागितलेला भाव यंत्राला आधीच कळलेला असतो! याच कंपनीनं पुढं स्वतः घरं विकत घेऊन विकायचा धंदा मांडला. किमतींचा अंदाज नीट बांधता येत नाही असं सांगून नोव्हेंबर २०२१ मध्ये तो बंद केला. त्याआधीच्या एकाच तिमाहीत घरांचं मूल्य ३० कोटी डॉलरहून अधिक खाली लिहावं लागलं.

म्हणून हे आकडे टाकाऊ आहेत, असं आम्ही म्हणत नाही. शंभर एकसारखे फ्लॅट असलेल्या संकुलात, जिथं वरचेवर विक्री होते, तिथं असा अंदाज उपयोगी पडतो, दलालाच्या थापेला चाप बसतो. पण पेठेतलं घर एकटंच असतं. त्याच्यासारखं दुसरं नसतंच, मग तुलना कशाशी करणार?

आता त्या बैठकीकडे परत येऊ. चौकशी केल्यावर कळलं, की रस्त्याकडच्या गाळ्यात जुना भाडेकरू आहे आणि मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव आहे. भाडेकरूमुळे किंमत उतरत होती, रस्त्याच्या दर्शनी भागामुळे चढत होती. मोबाईलला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेवटी नोंदणीकृत मूल्यांकनकाराला घर दाखवायचं ठरलं आणि मसुदा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. बहिणीनं जाताना आम्हांला विचारलं, "सर, त्यांचाही आकडा चुकला तर?"

चुकू शकतो. तेही अनुमानच आहे. पण तो माणूस घरात येऊन जातो, अहवालात कारणं लिहितो, खाली सही करतो. त्याला "का?" असं विचारता येतं. हक्क सोडण्याआधी एवढं तरी विचारता आलं पाहिजे.