कडेचे धान्य आणि हातची जमीन : 'मुळशी पॅटर्न'च्या निमित्ताने

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामात गरजू कुटुंबांना धान्य, तेल, साखर व कपडे यांचे वाटप होते. या वाटपाची एक वही ठेवलेली असते. गेल्या नाताळात नवी वही सुरू करताना कपाटातील जुन्या वह्या बाहेर निघाल्या आणि मी त्या सहज चाळू लागलो. वीस वर्षांपूर्वीच्या वहीत ज्या आडनावांपुढे अंगठे उठलेले होते, त्यांपैकी कितीतरी आडनावे नव्या वहीतही होती. अंगठ्याच्या जागी सही आली होती आणि बापाच्या जागी मुलगा आला होता, इतकाच काय तो फरक! वीस वर्षे आम्ही देत आलो, ते घेत आले. देणाऱ्यांचे समाधान वाढले असेल. घेणाऱ्यांची रांग मात्र तिथेच राहिली.

यांतील काही कुटुंबे मुळशी खोऱ्यातून शहरात आलेली आहेत. त्यांची नावे वाचताना प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आठवला व तो मी पुन्हा पाहिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. २०२१ मध्ये महेश मांजरेकरांनी त्यावरून 'अंतिम' हा हिंदी चित्रपटही काढला. तथापि ही चर्चा मुख्यतः गुन्हेगारीची झाली. माझ्या मते हा चित्रपट प्रथम गरिबीविषयी आहे, आणि शहरातील दानधर्म गरिबीची साखळी तोडतो काय, या प्रश्नाकडे तो आपल्याला नकळत घेऊन जातो. त्या दृष्टीने त्याचे गुणदोष पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

कथा थोडक्यात अशी. सखाराम हा मुळशीतील शेतकरी. मोहन जोशी यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे. शहर वाढत वाढत गावाच्या शिवेपर्यंत येते आणि सखाराम जमीन विकतो. हाती आलेला पैसा दिमाखात उडून जातो. पुढे त्याच्यावर राखणदारीची आणि नंतर पुण्याच्या बाजारात हमालीची पाळी येते. त्याचा मुलगा राहुल (ओम भूतकर) बापाचा अपमान पाहत पाहत गुन्हेगारीकडे वळतो.

चित्रपटाचे मोठे यश असे की, तो गरिबीला दैव मानत नाही. आपण दानधर्म करणारी माणसे 'गरीब' हा शब्द 'उंच', 'ठेंगणा' यांसारखा वापरतो. जणू तो त्या माणसाचा उपजत गुणच! तरडे यांनी दाखवले की गरिबीला तारीख असते. सखाराम आरंभी गरीब नाही. खरेदीखतावर सही होते त्या दिवशी त्याच्या गरिबीचा जन्म होतो. ती दिसू लागते मात्र पुष्कळ नंतर. या मधल्या काळात तो स्वतःला श्रीमंत समजतो, ही या कथेतील सर्वात बोचरी गोष्ट आहे. स्वतःच्या शेताचा धनी परक्याच्या दारी पहारा करू लागतो, त्या प्रसंगी वेगळ्या भाष्याची गरजच उरत नाही.

ही तारीखही एकच नाही. मुळशीच्या जमिनीची कहाणी हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीने किंवा लवासाने सुरू झालेली नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणाखाली खोऱ्यातील भातशेती जाणार होती आणि तेथील पाणी पश्चिमेस भिऱ्याकडे वळवून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होणार होती. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी 'जान किंवा जमीन' अशी घोषणा दिली. लढा १९२४ पर्यंत चालला व अखेर धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यातून एक मर्म हाती लागते. पुण्यातील सावकार-जमीनदारांचा कल भरपाई पदरात पाडून घेण्याकडे झुकला, तर कसणाऱ्या कुळांना जमीनच हवी होती. पैसा मिळणे आणि जगण्याचे साधन हाती राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कुळांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. सखारामला ते जमीन गेल्यावर कळले.

आता चित्रपटाच्या उणिवेकडे वळू. जमीन गेल्यानंतर माणसापुढे दोनच वाटा आहेत, असे तो सुचवतो : बापाची मान खाली घालून केलेली हमाली, किंवा मुलाच्या हातातील शस्त्र. दिग्दर्शकाला दुसरी वाट निषिद्ध वाटते हे खरे. पण कॅमेरा मात्र तिच्यावरच लुब्ध झालेला आहे. 'आरारारा' या गाण्याने तरुणांना थिरकायला लावले. सखारामच्या वाकलेल्या पाठीने कितीजणांना विचार करायला लावले असेल? कलाकृतीने इतिहासाचे पुस्तक व्हावे अशी अपेक्षा मी करीत नाही. परंतु ज्या चित्रपटाने 'पॅटर्न' हे नाव घेतले, त्याने आपण एका कुटुंबाची नव्हे, तर समाजाची रीत सांगत आहोत असा दावा केला आहे. मग त्या रीतीत जे बसत नाही, त्याची दखल घेणेही ओघाने आलेच.

आणि जे बसत नाही ते त्याच पुण्याच्या बाजारात उभे आहे. १९५० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी तेथील हमालांना संघटित करून हमाल पंचायत उभी केली. हे हमालही कोठून तरी जमीन, पाणी वा काम गमावून आलेले होते. त्यांना कोणी ब्लँकेटे वाटली नाहीत. हमालीचे दर ठरावेत, वजनाला मर्यादा असावी, म्हातारपणाची तरतूद व्हावी, यासाठी ते भांडले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना असेच उभे केले. या सर्व धडपडीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यानुसार मालकाला मजुरी व तिच्यावरील अधिभार मंडळाकडे भरावा लागू लागला आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार या गोष्टी पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाच्याही वाट्याला आल्या. १९७४ मध्ये पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे स्वस्त भोजनालय काढले. त्याचे नावच पाहा. तिथे भाकरी फुकट मिळत नाही. परवडणाऱ्या दरात मिळते आणि जेवणारा आपल्या पैशाने जेवतो. अन्नछत्रातील भाकरीने भूक भागतेच. या भाकरीने मानही राहतो.

पुण्यातील दुसरे उदाहरण समाजसेवेच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रिया व मुले यांच्यात प्रौढशिक्षणाचे काम करीत होत्या. काम चांगले होते. पण केवळ अक्षर ओळखल्याने कचऱ्याच्या ढिगावरून कोणी उतरत नाही, हे त्यांना उमगले. तेव्हा प्रश्न बदलला. या बायांना सुका कचरा घरोघरी वेगळा मिळाला तर? त्यांना चोर न समजता कामगार म्हणून ओळखपत्र मिळाले तर? १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. २००८ मध्ये 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार केला व घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम याच स्त्रियांकडे आले. त्या श्रीमंत झाल्या असे मी म्हणणार नाही. काम आजही कष्टाचेच आहे. पण सेवा देणाऱ्यांनी आपली सेवा अपुरी आहे हे ओळखून तिचे रूप बदलले, हा प्रामाणिकपणा आपल्या संस्थांमध्ये विरळा आढळतो.

शहराने गावासाठी काय करावे याचेही उत्तर महाराष्ट्राने एकदा दिले होते. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदारांच्या पगारपत्रकावरील त्या लहानशा कपातीचा उगम यात आहे, हे किती वाचकांना ठाऊक असेल? दुष्काळी गावच्या बाईला खडी फोडण्याचे काम मागण्याचा अधिकार मिळाला आणि त्याचा भार शहरातील पगारदाराने उचलला. देणाऱ्याला घेणारी दिसली नाही, घेणारीला देणारा दिसला नाही; म्हणून कोणाला हात जोडावे लागले नाहीत.

ख्रिस्ती माणसाला हा विचार नवा वाटू नये. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की शेताच्या कडांची कापणी करू नका, ते धान्य गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्या. रूथ हेच धान्य वेचायला बवाजाच्या शेतात गेली. आपली नाताळची पाकिटे म्हणजे हे कडेचे धान्य होय. पण तोच ग्रंथ पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम सांगतो : पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी. कडेचे धान्य आजची भूक भागवते; योबेल वर्ष नातवाला पुन्हा धनी करते. शास्त्राने दोन्ही आज्ञा दिल्या. आपण पहिली उचलली आणि दुसरीचा उत्सव केला! २०२५ हे ज्युबिली वर्ष आपण यात्रा व प्रार्थना यांनी साजरे केले, पण कोणाची जमीन, कोणाचे कर्ज, कोणाचा हक्क परत गेला?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात याबाबत स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. जे न्यायाने देणे लागते ते दान म्हणून देऊ नये; दुःखाच्या केवळ परिणामांवर नव्हे तर कारणांवर उपाय करावा; आणि मदत अशी असावी की घेणारा हळूहळू परावलंबनातून मुक्त व्हावा, असा त्याचा आशय आहे. आपल्याच समाजात याचा दाखला आहे. १९१८ मध्ये वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी सहकारी पतसंस्था काढली. आजची बॅसिन कॅथॉलिक बँक ती हीच. त्या धर्मगुरूंनी नुसती दानपेटी ठेवली नाही, सामान्य माणसाला पत मिळवून दिली.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला संघटना काय कामाची? आज उपाशी असलेल्या लेकराला उद्याचा कायदा कसा पुरणार? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या 'देउस कारितास एस्त' या परिपत्रकात सांगितलेच आहे की, समाज कितीही न्यायी झाला तरी प्रेमाच्या सेवेची गरज संपणार नाही. मीही दान थांबवा म्हणत नाही. किंबहुना दान कसे दिले यावर सर्व अवलंबून आहे. बांगलादेशातील 'ब्रॅक' संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांना शेळ्या-गाईंसारखे उत्पन्नाचे साधन, काही काळ घरखर्चासाठी मदत, प्रशिक्षण आणि नियमित भेटी अशी जोड दिली. याच धर्तीवर भारतासह सहा देशांत झालेल्या प्रयोगांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबून वर्ष झाल्यावरही त्या कुटुंबांची स्थिती सुधारलेलीच आढळली. म्हणजे दानाने साखळी कधीच तुटत नाही असे नाही. ज्या दानानंतर घेणाऱ्याच्या हातात काही उरते, ते दान साखळीला हादरा देते. जे खाऊन संपते ते केवळ वेळ निभावून नेते. वेळ निभावणेही पुण्यच आहे; पण त्याला गरिबी निर्मूलन म्हणू नये.

चित्रपटाला मी जो दोष दिला तोच अखेर आपल्यालाही लागू पडतो. आपली आणि सखारामची भेट होते ती खरेदीखत झाल्यानंतर. तो रांगेत उभा राहतो तेव्हा आपण त्याला धान्य देतो, मात्र तो रांगेत का आला हे विचारत नाही. कारण त्या उत्तरात कधी कधी आपलेही नाव असते.

हे मी वहीवरून लिहीत आहे. नव्या वहीत एक नाव आमच्याच आवाराच्या राखणदाराचे होते. तो ठेकेदाराकडून येतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, सुटी नाही. महाराष्ट्रात १९८१ पासून खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा व मंडळ आहे, हे आम्ही कधी लक्षातच घेतले नव्हते. वर्षभर त्याला त्याच्या हक्कापेक्षा कमी मिळत होते आणि नाताळला आम्ही त्याला तांदूळ देऊन त्याचे 'थँक्यू फादर' ऐकून घेत होतो. वित्त समितीपुढे मी हा विषय ठेवला. नियमाप्रमाणे राखणदार नेमल्यास खर्च बराच वाढतो. तो कोठून काढावा यावर वाद झाला. एका सभासदाने सुचवले, वाटपाच्या निधीतून काढावा. दुसरे म्हणाले, मग गरिबांना काय देणार? त्या प्रश्नावर कोणी काही बोलले नाही. निर्णय अजून व्हायचा आहे. तो झाला तर पुढच्या वहीत एक नाव कमी असेल. आमच्या वीस वर्षांच्या सेवेत त्या रांगेतून आम्ही बाहेर काढलेले ते पहिले नाव ठरेल.