सहा तारा आणि एक पाटी

मध्यमवर्गीय माणसाला कुठल्याही दुकानात वस्तू दोनच दिसतात. एक परवडणारी आणि एक आवडणारी. बाकीचा सगळा माल दुकानदाराने फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मांडलेला असतो. प्रेशर कुकर घ्या, चष्म्याची फ्रेम घ्या, लग्नातला शालू घ्या, आम्ही आपले या दोन वस्तूंच्या मधोमध उभे. इतक्या वर्षांत तिथे उभं राहण्याचा मला चांगला सराव झाला होता. पण आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी इलेक्ट्रिक गिटार मागितली आणि सराव कामाला येईना. शालू चांगला की वाईट हे ठरवायला तो नेसावा लागत नाही, सौ. नुसतं पदराचं टोक बोटांत धरून सांगते. गिटार बोटांत धरून मला काय कळणार?

तरी मी ही खरेदी समीक्षकाच्या थाटात करायची ठरवली. कादंबऱ्यांवर लिहिणारे कुठे कादंबऱ्या लिहितात? शिवाय मला एक भक्कम आधार सापडला. ज्या गिटारीवर चिरंजीवांचा डोळा होता ती काढणाऱ्या लिओ फेंडर या गृहस्थालाही गिटार वाजवता येत नव्हती! कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. म्हणजे आपल्याकडे कोपऱ्यावर एक रेडिओवाला असायचा आणि दुकानात पाऊल ठेवायला जागा नसायची, तसला माणूस. त्याने 1954 साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाची गिटार बाजारात आणली. गिटारीची मान पारंपरिक कारागीर सरसाने जोडत, याने ती सरळ चार स्क्रूंनी धडाला आवळली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. किंमत ठेवली अडीचशे डॉलरला पन्नास सेंट कमी. बाटाच्या किमतींशी याचं काहीतरी नातं असावं असा मला दाट संशय आहे. सांगायचा मुद्दा, आज जिच्यापुढे लोक चपला काढून उभे राहतात ती गिटार जन्माला आली ती कारखान्यात, भराभर आणि एकसारखी निघावी म्हणून.

पुढे 1965 साली फेंडरसाहेबांनी ही कंपनी सीबीएस नावाच्या बड्या कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली, आणि मग दर्जा घसरला असं जाणकार सांगतात. तिकडे जपानी कारागीर याच गिटारीच्या नकला करत होते, आणि त्या नकला इतक्या चांगल्या निघू लागल्या की मूळ मालकाला घाम फुटला. मालकाने शेवटी फार शहाणपणाची गोष्ट केली. 1982 साली जपानमध्येच आपल्या गिटारी करून घ्यायला सुरुवात केली. या स्वस्त गिटारींना आपलं नाव द्यायला मन धजेना, म्हणून मिशिगनमधल्या एका जुन्या तारा बनवणाऱ्या कंपनीचं नाव काढलं. ती कंपनी फेंडरने पूर्वीच विकत घेऊन ठेवलेली होती. ते नाव स्क्वायर. (शेजारच्या नानांनी हे नाव ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, “म्हणजे चौकोनी असते का?”) आता गंमत पहा. 1982च्या सुमाराच्या त्या जपानी स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात आणि मिळाली तर भारी पैसे मोजतात. म्हणजे स्वस्तातली गिटार घेऊन चाळीस वर्षं थांबलं की ती महागातली होते. हा हिशेब मी घरी मांडला, पण चिरंजीवांची तेवढी थांबायची तयारी दिसली नाही.

तर आमच्यापुढे पर्याय दोन. एक स्क्वायर, ही आता इंडोनेशियात किंवा चीनमध्ये बनते. दुसरी खुद्द फेंडर, कॅलिफोर्नियात कोरोना गावी बनलेली. (गावाच्या नावाला आपण हसायचं कारण नाही, ते साथीच्या फार आधीपासून तिथे आहे.) अमेरिकेत पहिली दोनशे डॉलरच्या आसपासही मिळते, दुसरीला दीड हजाराच्या पुढे मोजावे लागतात. मध्ये एक मेक्सिकोत बनलेलीही असते. पूर्वी रेल्वेला तीन वर्ग असत, तसंच हे. आणि आकार म्हणाल तर तिन्हींचा एकच. तीच दोन शिंगांची काया, तारेची तीच साडेपंचवीस इंच लांबी, आवाज टिपणारे तेच तीन पिकअप, त्याच सहा तारा. दहा पावलांवरून पाहिलं तर सख्ख्या बहिणी. जवळ गेल्यावर डोक्याशी असलेली पाटी तेवढी वेगळी.

घरात अर्थातच दोन पक्ष पडले. न्यू जर्सीहून आमचे मेहुणे फोनवर म्हणाले, “भाऊजी, आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू चांगलीच घ्यावी.” हे वाक्य आमच्या घराण्यात आजवर कपाट, फ्रिज आणि जावई या तीन बाबतींत उच्चारलं गेलं आहे आणि तिन्ही वेळा वडिलांना कर्ज काढावं लागलं आहे. सौ.चं म्हणणं, “दोन महिन्यांत माळ्यावर जाणार, तर स्वस्तातलीच जाऊ दे.” नानांनी तिसरंच टोक धरलं. नानांकडे जर्मन सुरांची पेटी आहे. हे वाक्य मी वाचकांसाठी लिहिलं. नाना ते दिवसातून दोनदा म्हणतात. पेटी वाजवताना ते मी सहसा ऐकलेले नाहीत, पण पेटीच्या आत जर्मनी आहे या जाणिवेनेच त्यांची मान ताठ असते. “अस्सल ते अस्सल,” नाना म्हणाले. “पालिताण्याचे सूर लावलेल्या पेटीला ती सर येईल का?” पालिताण्याच्या सुरांवर या देशात किती भजनं उभी राहिली आहेत हे मी त्यांना सांगणार होतो, पण शेजार टिकवायचा होता.

शेवटी चिरंजीवांना घेऊन दुकानात गेलो. तिथल्या पोऱ्याने आधी महागडी काढली. हे लोक आधी महागडीच काढतात. मी म्हटलं, “मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. तू दोन्ही वाजव आणि कुठली कुठली ते सांगू नकोस.” तो पोऱ्या चांगला वाजवणारा होता. त्याने साध्या आवाजात एक धून वाजवली, मग तीच दुसरीवर. फरक होता, नाही असं नाही. एकीचा वरचा सूर जरा कर्कश, दुसरीचा जरा मोकळा. अलीकडे दूध पिशवीचं की चितळ्यांचं हे चहातून ओळखण्याइतका. मग त्याने अॅम्प्लिफायरचं कुठलंसं बटण पिळलं आणि तो जो घरघराट सुरू झाला, त्यात कोरोना आणि इंडोनेशिया दोन्ही बुडाले. चिरंजीवांना हवा होता तो नेमका हाच घरघराट. मग अॅम्प बदलून पाहिला, तर तीच स्वस्त गिटार एकदम अंगात आल्यासारखी बोलू लागली. गिटारींमध्ये जितका फरक नव्हता तितका दोन अॅम्पमध्ये होता. इलेक्ट्रिक गिटारीचा निम्मा गळा त्या खोक्यात असतो, आणि घराघरांत भांडण मात्र लाकडावरून होतं.

एवढ्यावर समीक्षा संपवून मी पाकीट काढलं असतं. पण मग चिरंजीवांनी दोन्ही हातात घेतल्या. महागडीच्या मानेवरून हात खाली-वर गेला तो लोणी लावल्यासारखा. स्वस्तातलीवर त्याने बोटं फिरवली आणि “आई गं!” म्हणून हात मागे घेतला. आपण सतारीला पडदे म्हणतो, त्यांना हे फ्रेट म्हणतात. त्या फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बारीक करवतीसारखी बाहेर आली होती. पोऱ्या म्हणाला, “कोरड्या हवेत लाकूड आखडतं सर, तार आखडत नाही.” म्हणजे फ्रेटची. पुढे तार खेचून सूर चढवला, सोडला, तर मूळ सूर परत जागेवर येईना. खुंटी ढिली नव्हती. तार ज्या खाचेतून जाते तिथे ती अडकत होती. पुण्याच्या उन्हाळ्यात महिनाभर टांगलेली ती गिटार चावतही होती आणि खोटंही बोलत होती.

माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. जाहिराती आणि जाणकार आवाजावर बोलतात, लाकडाच्या जातीवर बोलतात, चुंबकावर बोलतात. महागडीत अल्निकोचे चुंबक, स्वस्तातलीत सिरॅमिकचे, हे सगळं खरं आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते वेगळंच. गिटार चावली तर तो गिटार सोडतो. सूर लागला नाही तर त्याला वाटतं आपलाच कान कच्चा. आणि घरी आम्ही काय म्हणतो? “याला चिकाटीच नाही.” शंभरातल्या किती मुलांच्या नावावर खुंटीचे, खाचेचे आणि फ्रेटचे दोष जमा झाले असतील कोण जाणे. महागडी गिटार पोराला शिकवत नाही. ती फक्त दोष कुणाचा हे स्पष्ट करते. ते काही थोडं नाही, पण त्यासाठी दीड हजार डॉलर मोजणं म्हणजे पोरगा नापास का झाला हे कळायला शाळाच विकत घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे या रोगावर औषध फार जुनं आहे. मिरजेहून नवा कोरा तंबोरा आणला आणि लगेच गवयाने मांडीवर घेतला असं होत नाही. घोडी कानसेने घासून, दोरा सरकवून, कारागीर त्याची जवारी काढतो, तेव्हा तो बोलायला लागतो. जवारी बिघडली तर मोठ्या घराण्याचा तंबोराही पत्र्यासारखा वाजतो. गिटारीचंही तसंच आहे. तिच्या जवारीला ‘सेटअप’ म्हणतात एवढंच. फ्रेटची टोकं घासायची, खाचा साफ करायच्या, घोडी वर-खाली करायची, मानेतला लोखंडी गज पिळून बाक काढायचा. महागड्या गिटारीच्या किमतीत बरंचसं हेच आधी करून दिलेलं असतं. स्वस्तातलीत ते बाकी ठेवलेलं असतं आणि त्याची चिठ्ठी मात्र कुणी चिकटवत नाही.

बरं, पाटीची मोहिनी कुठवर जाते? फेंडरच्या खास कारखान्यात 1995 पासून नव्या गिटारी मुद्दाम जुन्या करून विकतात. रंग खरवडायचा, धातू गंजवायचा, जिथे हात टेकेल तिथे लाकूड उघडं पाडायचं, आणि मग साध्या नव्या गिटारीपेक्षा जास्त पैसे घ्यायचे. आमच्या घरातलं सगळं फर्निचर या हिशेबाने लिलावात काढण्याजोगं आहे.

आणि पाटीशिवाय काय होतं तेही पहायला हवं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकला. पुढे लंडनला जाऊन तो फ्रेडी मर्क्युरी झाला, हे आता पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्यांनाही ठाऊक असतं. त्याच्या ‘क्वीन’मधल्या ब्रायन मेला मुलगा असताना फेंडर परवडत नव्हती. 1963 साली तो आणि त्याचे वडील घरीच गिटार करायला बसले. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. पिकअपसकट सगळं जमवायला दोनेक वर्षं लागली, आणि तीच गिटार घेऊन तो 2002 साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून वाजवत होता. हे उदाहरण मी घरी सांगितलं मात्र, चिरंजीव आमच्या देवघराच्या चौकटीकडे पाहू लागले. मी विषय बदलला.

तर निवाडा असा. स्क्वायर घ्यायची, पण दुकानातल्या खुंटीवरून काढून थेट घरी आणायची नाही. वाचलेल्या पैशांतून बऱ्यापैकी अॅम्प, हेडफोन (हा मुद्दा सौ.चा), आणि वर्षभराची शिकवणी. अमेरिकन फेंडर कायमची बाद नाही. किंमत न सांगता, पाटी झाकून, नुसत्या हाताने ज्या दिवशी चिरंजीव दोन्ही ओळखतील आणि आपल्या वाजवण्याला स्वस्तातली कुठे अडते ते बोट ठेवून दाखवतील, त्या दिवशी मेहुण्यांना फोन. मेहुणे हिरमुसले. त्यांनी बॅगेत जागासुद्धा करून ठेवली होती.

पेठेतल्या एका कारागिराने ती गिटार दोन तास मांडीवर घेतली. चष्मा कपाळावर, ओठांत तारेचं टोक, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. अधूनमधून तो कडेवरून अंगठा फिरवायचा आणि पुन्हा कानस उचलायचा. शेवटी चिरंजीवांच्या हातात दिली आणि म्हणाला, “बघ आता.” चिरंजीवांनी हात वरपासून खालपर्यंत फिरवला. “आई गं” आलं नाही. मग तार खेचली, सोडली. सूर घरी परत आला. कारागिराने अॅम्पच्या पुढच्या महिन्याच्या हप्त्याएवढे पैसे घेतले, आणि मी ते एका शब्दाची घासाघीस न करता दिले. माझ्या बाबतीत ही बातमीच आहे.

संध्याकाळी नाना गिटार पाहायला आले. सुतकाला आल्यासारखा चेहरा होता. “म्हणजे शेवटी अस्सल नाहीच घेतली?” म्हणाले. चिरंजीवांनी गिटार त्यांच्यापुढे धरली. नानांनी चष्मा पुसला, डोक्याशी वाकून पाटी वाचली, आणखी वाकले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“अहो, खाली बारीक अक्षरांत फेंडर लिहिलंय की!” नाना म्हणाले. “मग आधी सांगायचं नाही का?” आणि त्यांनी ती मांडीवर घेऊन, पेटीवर ठेवतात तसा, दोन मिनिटं नुसताच हात ठेवला.