साठवण, उष्टे आणि वारसा : 'माउस' व 'जूठन' यांच्या निमित्ताने

आघाताचा वारसा केवळ कथनातून वा मौनातून संक्रमित होत नाही. तो स्वयंपाकघरातूनही पुढील पिढीकडे जातो. आर्ट स्पीगलमन यांची 'माउस' (१९८६, १९९१) ही चित्रकथा या दृष्टीने मननीय आहे. आउश्वित्झमधून वाचलेला व्लादेक न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरची टाकाऊ तार उचलतो, फोडलेले अन्नाचे खोके दुकानात परत करतो. मुलाने पानात टाकलेले अन्न तो पूर्वी पुनःपुन्हा त्याच्याच पुढे ठेवीत असे.

या वर्तनाचे कारण छावणीत शोधणे सोपे आहे. परंतु कृती हा कार्यकारणभाव सरळ राहू देत नाही. छावणीत पोटाला चिमटा घेऊन व्लादेकने जे साठवले, ते आन्याला जवळच्या बराकीत आणण्यासाठी लाच म्हणून दिले. तेथे साठवण हे प्रेमाचेच रूप होते. उलट त्याची दुसरी पत्नी माला, जी स्वतः त्या संहारातून वाचलेली आहे, आपल्या स्नेह्यांपैकी कोणीही असे झाले नसल्याचे सुनावते. आणि काहीही न टाकणारा हाच माणूस आन्याच्या रोजनिशा मात्र जाळून टाकतो. मुलाच्या वाट्याला सवय येत नाही, तिच्याविषयीची चीड आणि अपराधभाव येतो. वडिलांचे शब्द ध्वनिफितींवर साठवणे ही त्याची साठवण ठरते. मारिआन हिर्श यांची 'उत्तरस्मृती' ही संकल्पना 'माउस'च्या विवेचनातून पुढे आली, ते म्हणूनच स्वाभाविक वाटते.

ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन' (१९९७) या हिंदी आत्मकथनातही साठवण आहे. लग्नाच्या पंगतीतील उष्ट्या पुऱ्या उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी राखून ठेवल्या जात. वरकरणी साम्य दिसले, तरी भेद मूलगामी आहे. व्लादेकची साठवण टंचाई सरल्यानंतरची आहे. येथे टंचाई चालूच आहे आणि ती जातिव्यवस्थेने लादलेली आहे. म्हणून ही साठवण आघाताचे लक्षण नव्हे, तर जगण्याची तरतूद आहे. तिच्यातील वेदना लेखकाला पुढे, आठवताना, बोचते. अपमान झाल्यावर आई उष्ट्याची टोपली उधळून देते, तेव्हा मुलाला वारशात नकारही मिळतो.

तौलनिक अभ्यासाने 'आघात' ही संज्ञा दोन्हीकडे सारखीच लावली, तर एक धोका संभवतो. जो अन्याय संपलेला नाही, त्याला आपण भूतकाळाची स्मृती ठरवून बसू. सवयीचा अर्थ लावण्यापूर्वी, ती निर्माण करणारी परिस्थिती सरली आहे की नाही, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.