गंगूबाईचे भाषण आणि सांगलीचे मागणे

'गंगूबाई काठियावाडी' हा चित्रपट २०२२ साली आला, तेव्हा इथे न्यूझीलंडमधल्या बऱ्याच मराठी घरांत तो पाहिला गेला आणि त्यावर वादही झाले. आमच्याकडचा वाद ठरलेल्या वळणाचा होता. एक बाजू म्हणाली, "धंदा आहेच, मग कायदेशीर करून टाका की! या देशाने २००३ सालीच केला, आभाळ कोसळलं का?" दुसरी बाजू म्हणाली, "स्वतःच्या मुलीच्या बाबतीत असं बोलला असतात का?" आवाज चढले, तेवढ्यात कोणीतरी आइस्क्रीम आणले आणि विषय तिथेच राहिला.

नंतर विचार करता वाटले की या वादाची अशी सरळ दोन टोके आम्हाला चित्रपटानेच आखून दिली होती. म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो आहे.

आधी चित्रपटाचे श्रेय. संजय लीला भन्साळींना गर्दीचे आणि प्रकाशाचे भान आहे आणि आलिया भटचे काम अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगले आहे. माझ्या मते सर्वांत सरस प्रसंग पत्राचा. कोठ्यावरच्या एका मुलीला वडिलांना पत्र लिहायचे असते. मजकूर सांगताना भोवतालच्या बायका एकेक वाक्य त्यात घालत जातात आणि बघता बघता ते सगळ्यांचेच पत्र होते. इथे कोणी भाषण करीत नाही. प्रत्येकीला मागे एक घर होते, एवढेच कळते आणि तेवढे पुरते.

चित्रपटाची सारी भिस्त मात्र या प्रसंगावर नसून आझाद मैदानावरच्या भाषणावर आहे. पांढऱ्या साडीतली गंगूबाई व्यासपीठावरून प्रतिष्ठित समाजाला सुनावते आणि समाज टाळ्या वाजवतो. पुढे ती थेट पंडित नेहरूंना भेटून धंदा कायदेशीर करण्याची मागणी करते. प्रेक्षक सुखावतो, कारण ज्यांना ती सुनावते त्यांच्यात आपण नाही असे त्याला वाटते. इथे मला विजय तेंडुलकरांचे 'कमला' आठवले. १९८१ सालच्या या नाटकात बाजारातून विकत आणलेली कमला पत्रकाराच्या सुशिक्षित बायकोला अगदी साधेपणाने विचारते, की तुम्हाला कितीला घेतले? या प्रश्नावर टाळ्या वाजवता येत नाहीत. नाट्यगृहातला प्रत्येक जोडीदार क्षणभर शेजारच्या खुर्चीकडे बघायचे टाळतो. दोन्ही कृतींचा विषय बाईची विक्री हाच, पण एकीत प्रेक्षक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो आणि दुसरीत तो पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गंगूबाई स्वतः घरवाली आहे, म्हणजे कोठ्याची मालकीण. कोठ्याच्या अर्थव्यवहारात घरवालीची वही फार महत्त्वाची. नव्या मुलीसाठी मोजलेली रक्कम, त्यावरचे व्याज, खोलीचे भाडे, जेवण, औषधपाणी, पोलिसांचा हप्ता, सारे त्या वहीत चढते आणि ते फिटेपर्यंत मुलीच्या हातात फारसे काही पडत नाही. चित्रपटाने नायिका ठेवली आणि वही गाळली. एस. हुसेन झैदी आणि जेन बोर्जेस यांच्या ज्या पुस्तकातील प्रकरणावर हा चित्रपट बेतला आहे, त्यात ती राजी नसलेल्या एका मुलीला घरी परत धाडते. चांगलीच गोष्ट. पण घरवालीचे मन द्रवले म्हणून ती मुलगी सुटली. मन द्रवले नसते तर तिने कोणाकडे जायचे होते? सगळा वाद या प्रश्नापाशी सुरू व्हायला हवा.

मग कायदा काय म्हणतो? आपल्यापैकी अनेकांची समजूत असते की भारतात वेश्याव्यवसाय हा सरसकट गुन्हा आहे. तसे नाही. १९५६ चा कायदा, ज्याला १९८६ पासून अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम म्हणतात, सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने शरीर विकणे हा गुन्हा ठरवत नाही. त्याने भोवतालचे सारे गुन्हा ठरवले आहे. कोठा चालवणे गुन्हा, गिऱ्हाईकाला खुणावणे गुन्हा, शाळा-देवळाजवळ धंदा करणे गुन्हा. दोघींनी मिळून एका खोलीत धंदा केला तर ती खोलीच 'कोठा' ठरते. तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरील कोणीही दोषी, मग तो दलाल असो, कॉलेजात जाणारा मुलगा असो की गावाकडची म्हातारी आई. म्हणजे बाईला गुन्हेगार म्हणायचे नाही, फक्त तिला एकटीने, बिनघराची, बिननात्याची राहायला सांगायचे. आमच्या चहाच्या वादात हे एकदाही आले नाही, कारण चित्रपट पाहून ते कळत नाही.

'कायदेशीर करा' याचा आपल्या मनातला अर्थ बहुधा परवाना असा असतो. नोंदणी करा, तपासणी करा, कर लावा. डॉक्टर-इंजिनिअर मंडळींना हे व्यवस्थित वाटते. पण हा प्रयोग इंग्रजांनी करून पाहिला आहे. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने बायकांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू केली. काळजी होती ती गोऱ्या शिपायांच्या प्रकृतीची. गिऱ्हाईकाला कोणी तपासत नव्हते. बायका नोंदणी टाळून पळत, पकडल्या जात. १८८८ साली तो कायदा रद्द झाला.

म्हणूनच सांगलीच्या बायकांचे मागणे मला गंगूबाईच्या भाषणापेक्षा अधिक विचारपूर्वक वाटते. मीना सेषू यांच्या 'संग्राम' या संस्थेच्या कामातून १९९६ साली तिथे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. नावातला पहिलाच शब्द बघा. तो त्यांनी झाकला नाही. त्यांना सरकारी परवाना नको आहे. सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या व्यवहाराला गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढा आणि जबरदस्ती करणाऱ्याविरुद्ध आमची तक्रार इतरांसारखी नोंदवून घ्या, असे त्यांचे म्हणणे. सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी एक नाटकही केले. त्याच्या नावातच आई, घरवाली, तिचा मालक आणि त्या मालकाची बायको अशी सगळी माणसे येतात. पांढऱ्या साडीतली एकटी नायिका आणि हा गोतावळा, यांतले खरे कोणते हे सांगायला नको. चित्रपट आला त्याच वर्षी, १९ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे आणि केवळ आई या धंद्यात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये, असे निर्देश दिले. १९५६ चा कायदा मात्र जागेवरच आहे.

राहता राहिला आपल्या इथला कायदा, ज्याचा दाखला आमच्या वादात इतक्या उत्साहाने दिला गेला. २००३ साली न्यूझीलंडच्या संसदेत तो ६० विरुद्ध ५९ असा निसटता मंजूर झाला. इथे बाईला स्वतःला परवाना लागत नाही. चौघीजणी मालकाशिवाय एका घरातून काम करू शकतात. भारतात दोघींचा कोठा होतो, हे इथे आठवावे. २०१४ मध्ये वेलिंग्टनच्या एका बाईने लैंगिक छळाबद्दल कोठ्याच्या चालकाविरुद्ध मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि तिला २५,००० डॉलर भरपाई मिळाली. तिने कोणाकडे जायचे याचे उत्तर इथे निदान कागदावर आहे.

पण त्याच कायद्याचे कलम १९ आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल? तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला हे काम करण्याची मुभा नाही. केल्यास देशाबाहेर काढले जाऊ शकते. म्हणजे विद्यार्थी म्हणून किंवा कामाच्या परवान्यावर आलेली बाई पैशाच्या अडचणीपायी किंवा कोणाच्या दबावामुळे या धंद्यात आली, तर तिला छळणाऱ्याविरुद्ध तक्रार करताना आधी स्वतःचा व्हिसा पणाला लावावा लागतो. चालकालाही हे ठाऊक असते. विद्यार्थी किंवा कामाच्या व्हिसाचे ते दिवस आपल्यापैकी अनेकांनी काढले आहेत, आणि त्या काळात घरमालकाशी किंवा साहेबाशी साधे भांडतानाही आपण किती दबकून असायचो, हे आठवून पाहावे.